कॅमेरामनने लेन्ससाठी ठेवलेली टेप: बोवीच्या 'जीन जिनी'चं पूर्ण प्रकरण

३ जानेवारी १९७३, बुधवार. लंडनच्या बीबीसी टेलिव्हिजन सेंटरमध्ये ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी आणि त्याचा बँड आला, गिटारवर मिक रॉन्सन, बेसवर ट्रेव्हर बोल्डर, ड्रम्सवर वुडी वुडमन्सी, 'द जीन जिनी' वाजवलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी गुरुवारी संध्याकाळी ते 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या दर आठवड्याच्या पॉप गाण्यांच्या कार्यक्रमात लागलं. लोकांनी बघितलं, दुसऱ्या दिवशी शाळेत ऑफिसात त्यावर बोलले असतील, आणि पुढे कधीतरी बीबीसीने ती टेप पुसली. विषय संपला. मग २०११ च्या डिसेंबरमध्ये तेच गाणं, तोच परफॉर्मन्स, एकदम स्वच्छ रंगीत चित्रासकट पुन्हा टीव्हीवर आला. मधली जवळजवळ ३९ वर्षं ती चीज एका माणसाकडे व्यवस्थित ठेवलेली होती आणि जे लोक तिच्यासाठी जीव टाकत होते त्यातल्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

मी या प्रकरणावर बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय कारण सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश बँड्सचं जुनं टीव्ही फुटेज जमवणाऱ्या, एकमेकांना देणाऱ्या लोकांमध्ये मीपण थोडी वर्षं लुडबुड केलीय, आणि तिथे सगळी चर्चा कायम एकाच गोष्टीवर यायची, बीबीसीने पुसलं, बीबीसीने पुसलं. पुसलं हे खरंच आहे. पण या केसमध्ये खरी अडचण तिथे नव्हतीच असं माझं मत आहे, ते कसं ते पुढे येईलच.

आधी गाण्याचं बघू. 'जीन जिनी' बोवीने ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या टूरवर असताना न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं, नोव्हेंबरच्या शेवटी इंग्लंडमध्ये सिंगल बाहेर आलं आणि जानेवारीत चार्टवर २ नंबरपर्यंत गेलं. १ नंबर काही मिळाला नाही. गंमत म्हणजे त्याच महिन्यात स्वीट या बँडचं 'ब्लॉक बस्टर' आलं, रिफ म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून जवळजवळ तशीच, कंपनीही तीच आरसीए, आणि ते मात्र १ नंबरला जाऊन पाच आठवडे ठाण मांडून बसलं. असो. सांगायचा मुद्दा म्हणजे हा बोवीचा सगळ्यात तापलेला काळ होता, स्टेजवर तो रंगवायचा ते 'झिगी स्टारडस्ट' हे पात्र, लाल केस, मेकअप, सगळं भरात. आणि बरोबर सहा महिन्यांनी, ३ जुलै १९७३ ला हॅमरस्मिथ ओडियनच्या स्टेजवर त्याने झिगीला निरोप दिला. म्हणजे या बँडचं टीव्हीवरचं आयुष्य मुळातच किती कमी होतं बघा. ६ जुलै १९७२ ला 'टॉप ऑफ द पॉप्स'वर लागलेलं 'स्टारमन' वाचलंय, ज्यात तो रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकतो आणि इंग्लंडभरच्या पोरांचं डोकं फिरतं ते. फेब्रुवारी १९७२ मधलं 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या बीबीसीच्या रॉक कार्यक्रमातलं सेशन वाचलंय. पण 'जीन जिनी' गेलं.

आणि हे गेल्याचं दुःख जास्त का, तर ते लाइव्ह होतं. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर त्या काळात बहुतेक जण आधी तयार केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवायचे नाहीतर ट्रॅक मागे आणि गायक पुढे अशी मांडवली असायची. म्युझिशियन्स युनियनचे नियम होते, रेकॉर्डवरचा ट्रॅक जसाच्या तसा लावायचा नाही, नव्याने वाजवून घ्या किंवा स्टुडिओतल्या ऑर्केस्ट्राबरोबर करा, वगैरे, आणि बँडवाले त्यातून पळवाटा काढायचे तो वेगळा विनोद. पण बोवी आणि मंडळींनी सरळ वाजवलं. मध्येच बोवी माउथऑर्गनवर बीटल्सच्या 'लव्ह मी डू'ची सुरावट घुसवतो, रॉन्सनचा सोलो रेकॉर्डवर आहे तसा नाहीच, मोकळा सोडलाय एकदम. एकदाच झालेली गोष्ट आहे ही. सिंगल ऐकून ती मिळत नाही.

मधल्या वर्षांत 'जीन जिनी' बघायचं म्हणजे काय बघायचं, तर मिक रॉक या फोटोग्राफरने सॅन फ्रान्सिस्कोत शूट केलेली प्रोमो फिल्म. ती छान आहे, पण ती फिल्म आहे, आवाज रेकॉर्डवरचाच.

आता पुसली का याकडे येऊ, कारण इथे लोक फार पटकन शिव्या देतात. त्या काळची स्टुडिओची टेप म्हणजे दोन इंची क्वाड्रुप्लेक्स. आपल्या व्हीएचएसची पट्टी अर्धा इंचाची, ही दोन इंच रुंद, सेकंदाला चाळीस सेंटीमीटरच्या आसपास पळायची, आणि पट्टीला आडवं कापत जाणारा चार हेडचा ड्रम सेकंदाला २५० वेळा फिरायचा. एक रीळ उचलायचं म्हणजे दोन्ही हात लागणार. महाग प्रकरण. आणि टेपचा सगळा फायदाच हा होता की ती पुन्हा वापरता येते, फिल्म वापरता येत नाही. त्यात कलाकार आणि वादकांच्या युनियनशी केलेले करार असे की ठरावीक मुदतीत ठरावीक वेळाच पुन्हा दाखवायचं, नंतर दाखवायचं तर नव्याने पैसे मोजा. म्हणजे गेल्या आठवड्याचा पॉप शो, ज्यातली निम्मी गाणी पुढच्या महिन्यात कुणाला आठवणार नाहीत, तो पुन्हा दाखवता येत नाही, घरोघरी व्हिडिओ नाही, विकायला कॅसेट नाही, मग ती टेप कपाटात ठेवून करायचं काय? ज्या माणसाने ती पुसायच्या ढिगात टाकली असेल त्याच्या जागी मी असतो तर मीपण टाकली असती. १९७८ च्या सुमाराला बीबीसीने जतन करायचं नीट धोरण आणलं तोवर १९६४ पासूनचे बहुतेक भाग उडाले होते. सगळ्यात शेवटचा हरवलेला भाग ८ सप्टेंबर १९७७ चा. २०११ मध्ये बीबीसी फोरवर जुने भाग क्रमाने दाखवायला सुरुवात केली ती १९७६ पासून, कारण त्याच्या आधी क्रम लावण्याइतकं काही शिल्लकच नाही.

याच ढिगात क्वीन या बँडचा 'टॉप ऑफ द पॉप्स'वरचा पहिला परफॉर्मन्सपण गेला, फेब्रुवारी १९७४ मधला, 'सेव्हन सीज ऑफ राय'. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथेच शाळेच्या बँडमध्ये पियानो बडवलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी ब्रिटिश टीव्हीवर पहिल्यांदा सगळ्या देशासमोर आला तो हाच दिवस, आणि बीबीसीच्या कपाटात ती टेप नाही.

बरं, घरी कुणी रेकॉर्ड केलं नसेल का? हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. १९७३ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर म्हणजे फिलिप्सचा एन १५००, तो आदल्याच वर्षी आलेला, चौकोनी जाडजूड कॅसेट, कमाल एक तास, आणि किंमत अशी की शाळा किंवा कंपनीच घेणार. व्हीएचएस तिकडे १९७८ मध्ये आलं. म्हणजे ज्यांना बोवीचं वेड होतं ती पंधरा वर्षांची पोरं, त्यांच्याकडे फार तर ऑडिओ कॅसेट रेकॉर्डर, तो टीव्हीच्या स्पीकरसमोर धरायचा आणि घरच्यांना सांगायचं गप्प बसा, आणि नेमकं त्याच वेळी आई विचारणार जेवायचं काय. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचे जेवढे हरवलेले भाग आहेत त्या सगळ्यांचा आवाज आज उपलब्ध आहे तो अशाच पोरांमुळे. चित्र मात्र गेलं ते गेलं. आपल्याकडे तर हा प्रश्नच नव्हता म्हणा, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे बोवी तिकडे रंगीत टीव्हीवर नाचत होता तेव्हा आपलं ब्लॅक अँड व्हाइट केंद्र तीन महिन्यांचं बाळ होतं.

तर आता आपला माणूस. जॉन हेन्शल, बीबीसीचा कॅमेरामन. त्या दिवशी स्टुडिओत एका कॅमेऱ्यावर तो होता. याला लेन्सची भयंकर आवड, त्याने स्वतः एक फिशआय लेन्स तयार केलेली, टेलिफेक्स नावाने, ज्यातून चित्र गोल आणि मध्यभागी फुगलेलं दिसतं. 'टॉप ऑफ द पॉप्स'ला असलं काहीतरी हवंच असायचं, आणि 'जीन जिनी'मध्ये ती लेन्स मस्त वापरली गेली. हेन्शलला वाटलं की आपल्या कामाचा नमुना म्हणून हे जवळ असावं. म्हणून त्याने त्या एका गाण्याची कॉपी मागून घेतली, तीपण साधीसुधी नाही, दोन इंची ब्रॉडकास्ट दर्जाची. आणि ती ठेवून दिली.

बोवी होता म्हणून त्याने कॉपी घेतली नाही. उद्या त्या लेन्समधून एखादा तिसराच, आज कुणाला आठवत नसलेला गायक इतका छान दिसला असता तर हेन्शलने त्याची कॉपी घेतली असती आणि बोवी पुसला गेला असता. मला या केसमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते आणि सगळ्यात जास्त भीतीपण याचीच वाटते.

त्याच्या डोक्यात हे कधी आलंच नाही की बीबीसीकडे मूळ टेप नसेल. का येईल? तो तिथे काम करणारा माणूस, त्याच्या दृष्टीने आपल्याकडे आहे ती एक जादाची कॉपी, खरी तर कंपनीकडे असणारच. तुमच्याकडे लग्नाच्या अल्बमची जादाची प्रत असेल तर तुम्ही दर वर्षी मामाला फोन करून विचारता का की तुझी प्रत आहे ना रे अजून? आणि दुसऱ्या बाजूला फॅन लोक, ज्यांच्याकडे तारीखवार याद्या, कुठल्या भागात कोण आलं, कुठलं वाचलं, कुठलं गेलं, कुठल्याचा नुसता आवाज आहे, सगळं पाठ. त्यांना हे माहीत होतं की टेप नाही. पण त्यांनी विचारलं कुणाला? एकमेकांनाच. माझ्याकडे काय आहे, तुझ्याकडे काय आहे, जर्मनीतल्या त्याच्याकडे काय आहे. स्टुडिओत कॅमेरा धरणारा, लाइट लावणारा, एडिटिंग करणारा, यांना विचारावं हे फार थोड्यांना सुचलं. मी स्वतः तर सरळ कबूल करतो, मला कधीच सुचलं नव्हतं, माझ्या लेखी कॅमेरामन म्हणजे शेवटच्या पाटीवर पळणारं नाव.

आणि यात आमच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं म्हणून जरा सांगतो.

व्हीएचएसच्या काळात हे असं चालायचं की प्रत्येकाकडे एक लिस्ट, टाइप केलेली नाहीतर हाताने लिहिलेली, बँड, तारीख, कुठलं चॅनल, किती मिनिटं, आणि क्वालिटी. तू मला दोन तास दे मी तुला दोन तास देतो. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही त्याने कोऱ्या कॅसेट आणि पोस्टाचा खर्च पाठवायचा, समोरचा चांगला असेल तर भरून पाठवायचा. प्रत्येक कॉपीला जनरेशन म्हणायचं, टीव्हीवरून थेट रेकॉर्ड केलेली ती मास्टर, तिच्यावरून पहिली जनरेशन, दुसरी, तिसरी, आणि पाचव्या जनरेशनला गायकाच्या चेहऱ्यावर नाक आहे हे तुम्हाला आठवणीने ठरवावं लागायचं. त्यात टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे वेगळी, इंग्लंडचं पाल, अमेरिकेचं एनटीएससी. सेकंदाला ५० फील्ड म्हणजे अर्धी चित्रं आणि ६० फील्ड. एकाचं दुसऱ्यात केलं की हात हलला की मागे भूत हलतं. आणि कुणीतरी २४ फ्रेमची फिल्म २५ वर पळवली असेल तर वेग ४ टक्के वाढतो, आवाज अर्ध्या सुरापेक्षा जरा कमी, पण कानाला कळेल इतका वर चढतो, मग गिटार घेऊन बरोबर वाजवायला बसलेला पोरगा वैतागतो की माझीच गिटार बिघडली की काय.

मी यात आलो तोवर कॅसेट जाऊन डीव्हीडी-आर आल्या होत्या, २००४-०५ असेल. पुण्यात बसून युरोपातल्या एका माणसाबरोबर माझी अशी देवाणघेवाण चालायची. फार सज्जन माणूस, पाकिटात प्रत्येक डिस्कला स्वतः कापलेला कागद, त्यावर सगळी माहिती. पण त्याच्या लिस्टमध्ये शेवटी सात-आठ नोंदी होत्या ज्यांच्यापुढे लिहिलेलं, देणे नाही. विचारलं तर म्हणाला हे ज्याने दिलं त्याला शब्द दिलाय. आणि ज्याने याला दिलं त्यानेही कुणाला तरी शब्दच दिलेला. का, तर दुर्मिळ गोष्ट दुर्मिळ आहे तोवरच तिच्या बदल्यात दुसरी दुर्मिळ गोष्ट मिळते, सगळ्यांना वाटली की तिची किंमत शून्य. तेव्हा मला राग यायचा. आताही येतो. आपल्याकडे जुन्या घराण्यातले काही गवई म्हणे चीजेचा अंतरा शिष्याला द्यायचे नाहीत, तसला प्रकार.

टॉरेंट, म्हणजे नेटवरून एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून थेट फाइल घ्यायची सोय, आल्यावर हे बरंचसं मोडलं. ज्या साइटवर आम्ही असायचो तिथे दोन नियम कडक, बाजारात अधिकृतपणे मिळतं ते टाकायचं नाही, आणि इथून घेतलेलं विकायचं नाही. शिवाय फाइल कुठून आली त्याची वंशावळ लिहायची, कुठल्या मशीनवरून, कितवी जनरेशन, कशाने डिजिटल केली. ही वंशावळ लिहायची सवय म्हणजे या सगळ्या उद्योगातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं, कारण यूट्यूबवर ती साफ गेली. तिथे एकाच क्लिपच्या चाळीस कॉप्या, कुणी बाजू कापल्यात, कुणी खेचून रुंद केलंय, कुणी आवाज रेकॉर्डवरचा चिकटवलाय आणि लिहिलंय लाइव्ह, आणि हल्ली तर एआयने धुऊन काढलेले चेहरे, मेणाचे. त्यातला एक गुन्हा तर फार जण नकळत करतात. जुन्या स्टुडिओ टेपमध्ये सेकंदाला ५० वेगळे क्षण असतात, अर्धी अर्धी चित्रं, त्यामुळे ती हालचाल अशी जिवंत, आत्ता समोर घडतेय अशी दिसते. रूपांतर करताना त्याचे सरळ २५ केले की निम्म्या हालचाली गेल्या, सगळं फिल्मसारखं दिसायला लागतं. लोक म्हणतात वा, सिनेमॅटिक. अरे पण तो टीव्ही होता ना!

बरं, परत हेन्शलकडे. २०११ मध्ये गोष्टी जुळल्या, त्याला कळलं की त्याच्याकडची कॉपी ही जादाची नाही, एकमेव आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा 'मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड' नावाचा कार्यक्रम असतो, १९९३ पासून, हरवलेले आणि सापडलेले टीव्ही कार्यक्रम लोकांना पडद्यावर दाखवायचे. ११ डिसेंबर २०११ ला लंडनच्या साउथबँकवर तिथे हे 'जीन जिनी' दाखवलं. त्याच कार्यक्रमात 'डॉक्टर हू'चे दोन हरवलेले भाग सापडल्याचं जाहीर झालं, त्यामुळे पेपरांमध्ये जागेची जरा मारामारी झाली असणार, पण बोवीवाले खूश. मग २१ डिसेंबरला बीबीसी टूवर 'टॉप ऑफ द पॉप्स २'च्या ख्रिसमस स्पेशलमध्ये ते सगळ्या देशाने बघितलं.

दोन इंची असल्यामुळे चित्र काय आलंय! म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं चौथ्या जनरेशनचे भुरकट बोवी बघणारे लोक, आणि एकदम हे. घामसुद्धा दिसतोय. पण ती टेप चालवायलाच आज मोठा खटाटोप आहे, क्वाड्रुप्लेक्सची चालू मशीन जगात मोजकी, त्यांची हेड घासून संपतात आणि ती नीट करून देणारी माणसं म्हातारी झालीत. घरात टेप आहे पण चालवायला मशीन नाही, म्हणून ती कचऱ्यात गेली, असं किती ठिकाणी झालं असेल ते देव जाणे.

मी ते बघितलं टीव्हीवर नाही अर्थातच. टीव्हीवर लागलं आणि थोड्याच वेळात कुणीतरी रेकॉर्ड करून वर चढवलं, मी पुण्यात रात्री तेव्हाच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर ते थांबत थांबत बघितलं, चार मिनिटांच्या गाण्याला वीस मिनिटं. रॉन्सनचा सोलो दोन ठिकाणी अडकला. तरी चालेल. रॉन्सनने मात्र ते परत कधी बघितलं नाही, तो १९९३ मध्येच गेला होता, कॅन्सरने, वय ४६. बोल्डर २०१३ मध्ये गेला, बोवी २०१६ च्या जानेवारीत.

आता कायद्याचं, कारण वाटणाऱ्यांना नेहमी हा प्रश्न येतो. हेन्शलकडे टेप होती, गाण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. टेप हा एक डबा झाला, आतल्या मालावर बीबीसी, बोवी, वादक, गाण्याचा प्रकाशक सगळ्यांची नावं. ब्रिटिश कायद्यात प्रक्षेपणाचा हक्क ५० वर्षांचा, पण गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे बोवीच्या बाबतीत २०८६ संपेपर्यंत. त्यामुळे प्रक्षेपणाची पन्नाशी उलटली म्हणून क्लिप मोकळी झाली असं नाही. हेन्शलने रीतसर मार्गाने ते बाहेर येऊ दिलं, थेट कुठेतरी अपलोड केलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतक्या चांगल्या दर्जात आलं. एखाद्या फॅनच्या हातात ती टेप आधी पडली असती तर? एक शक्यता अशी की दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाला मिळाली असती. दुसरी शक्यता, जी मला जास्त खरी वाटते, त्याने तिची व्हीएचएस कॉपी काढून घेतली असती, लिस्टच्या शेवटी लिहिलं असतं देणे नाही, आणि ती दोन इंची आज कुठे आहे ते कुणाला माहीत नसतं.

पण फॅनना झोडपून भागणार नाही, कारण याच्या बरोबर उलटं उदाहरण याच गाण्याचं आहे. ३ जुलै १९७३ च्या हॅमरस्मिथच्या त्या निरोपाच्या शोमध्ये जेफ बेक हा गिटारवाला स्टेजवर आला होता, रॉन्सनचा तो देव, आणि 'जीन जिनी'च वाजवलं, त्यातही मध्ये 'लव्ह मी डू'. त्या शोची फिल्म निघाली त्यात बेकचा सगळा भाग कापलेला. अमेरिकेत १९७४ मध्ये टीव्हीवर शो दाखवला त्यात तो होता, आणि त्याच्या भुरकट कॉप्या फॅननी हातोहाती जवळपास पन्नास वर्षं जिवंत ठेवल्या. २०२३ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने फिल्म नव्याने आली तेव्हा बेक अधिकृतपणे परत आत आला, आणि बेक स्वतः त्याच वर्षीच्या जानेवारीत गेलेला. तिथे मूळ फिल्म सुरक्षित होती, फक्त दाखवत नव्हते, आणि लोकांना ती हवीय ही गोष्ट त्या खराब कॉप्यांनीच जागी ठेवली. आजही असंच एक प्रकरण चालू आहे, जिमी सॅव्हिलने सूत्रसंचालन केलेले 'टॉप ऑफ द पॉप्स'चे भाग बीबीसी २०१२ पासून परत दाखवत नाही. तो मेल्यावर त्याने मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार उघडकीला आले म्हणून, आणि त्यावर माझी तक्रारपण नाही. पण त्या भागांतल्या बँडनी काही केलेलं नाही, आणि ते भाग बघायचे तर जुन्या रेकॉर्डिंग जपणाऱ्यांकडेच जावं लागतं.

तर माझं म्हणणं असं की फुटेज वाटणं म्हणजे फाइल वाटणं एवढंच आपण समजत होतो, आणि हेन्शलच्या केसमध्ये फाइलचा प्रश्नच नव्हता, प्रश्न यादीचा होता. काय काय नाहीये याची यादी. ती यादी फॅनकडे होती, टेप कॅमेरामनकडे होती, आणि दोघांची गाठ पडायला जवळजवळ ३९ वर्षं लागली. ती यादी जर बीबीसीतल्या निवृत्त लोकांच्या गेट-टुगेदरला कुणी १९८५ मध्ये भिंतीवर लावली असती तर रॉन्सनने ते बघितलं असतं. आम्ही ती यादी एकमेकांत फिरवत राहिलो, ज्यांच्याकडे टेप असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

हे डोक्यात बसल्यावर मी एक गोष्ट केली, फार मोठी नाही. लंडनमध्ये आमचा एक लांबचा नातेवाईक आहे, वयस्कर, सत्तरच्या दशकात तिकडे टीव्ही दुरुस्त करायचा. त्याला फोन केला आणि विचारलं काका, तेव्हा लोकांच्या घरी, शाळांमध्ये रेकॉर्डर दुरुस्तीला जायचात ना, आत अडकलेल्या कॅसेटचं काय करायचात? काका म्हणाले परत द्यायचो, आणि कुणी नको म्हटलं तर टाकून द्यायचो, बराच वेळ हसले, मग म्हणाले तू एवढा आयएसडी करून हे विचारायला फोन केलास? आयएसडी नाही काका, व्हॉट्सअ‍ॅप आहे, म्हटलं. त्यांच्याबरोबर काम करणारे दोघं तिघं अजून आहेत म्हणे, त्यांना विचारतो म्हणालेत.

हेन्शलच्या टेपवर फक्त ते एक गाणं आहे. त्याच्या आधी सूत्रसंचालक काय बोलला, नंतर कोण आलं, शेवटी काय वाजलं, त्यातलं काही नाही, कारण त्यात त्याची लेन्स नव्हती. माझ्या एक्सेल शीटमध्ये ४ जानेवारी १९७३ ची ओळ अजून लाल रंगातच, म्हणजे हरवलेल्यांतच आहे, फक्त शेवटच्या कॉलममध्ये मी लिहून ठेवलंय, एक गाणं, दोन इंची, रंगीत.